म्युनिकमध्ये तीन महिने, सोबत चार वर्षांची लेक

शेवंती

मागच्या वर्षी निघायच्या आधी मी इथेच विचारलं होतं, की नवरा दिवसभर ऑफिसात असताना अनोळखी शहरात लहान मुलीला घेऊन एकटीने काय करायचं. पाच-सहा जणींनी वेळ काढून सविस्तर उत्तरं दिली होती. परत आल्यावर लिहीन असं मी कबूल केलं होतं, ते आज लिहिते आहे.

नवरा चाकणला गाड्यांच्या कंपनीत आहे. त्याला तीन महिन्यांसाठी म्युनिकला पाठवलं. मे अखेर ते ऑगस्ट. लेक तेव्हा नुकतीच चार पूर्ण झाली होती. इथे तिला चिऊ म्हणते. मी मॅक्सम्युलर भवनात कधीकाळी जर्मनची पहिली पायरी केली होती, त्यातलं 'हे कितीला' आणि 'स्टेशन कुठे आहे' एवढंच शिल्लक होतं.

निघताना माझ्या वहीत बघायच्या ठिकाणांची तीन पानी यादी होती. पहिल्याच आठवड्यात ती बाजूला ठेवली, आणि त्याचं कारण झोप. उन्हाळ्यात तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. आपल्याकडे सकाळचे साडेसहा, चिऊची उठायची वेळ, म्हणजे तिथे पहाटेचे तीन. ती बरोबर तीनला टक्क जागी व्हायची आणि भूक लागली म्हणायची. पहिले चार दिवस मी पहाटे साडेतीनला उपमा केला आहे. संध्याकाळी उलटं. जूनमध्ये सूर्य नऊ वाजून गेल्यावर मावळतो, आणि "उजेड असताना कुणी झोपतं का?" हा तिचा प्रश्न. शेवटी खिडकीवर माझ्या दोन गडद ओढण्या टाचल्या. पाचव्या-सहाव्या दिवसापासून गाडी रुळावर आली. कुणी जाणार असेल तर एवढं नक्की ऐका, पहिल्या आठवड्यात कुठलंही तिकीट आधी काढून ठेवू नका.

आम्ही राहायचो नदीच्या अलीकडे, उंटरगीझिंग भागात. पहिल्या आठवड्यात मी एक मर्यादा घातली, चिऊ स्वतःच्या पायांनी जाऊन परत येईल एवढंच शहर. त्यात एक बेकरी, एक बाग, एक किराणा दुकान आणि नदी आली. रोज तोच रस्ता. तिसऱ्या दिवशी तीच मला सांगायला लागली, "आता पिवळं दार येईल, मग कुत्र्याची आजी." कुत्र्याची आजी म्हणजे रोज सकाळी तपकिरी कुत्र्याला फिरवणाऱ्या एक बाई. त्या पहिल्या दिवशी नुसत्या बघायच्या, दुसऱ्या आठवड्यात 'सर्वुस' म्हणायला लागल्या. चिऊनेही तो शब्द उचलला. घराचा नंबर तिला येत नव्हता, पण पिवळ्या दारापासून घर तिला येत होतं. मला एकटीला शहर इतकं नीट दिसलं नसतं.

तिथल्या बागांबद्दल लिहायलाच हवं. जवळपास प्रत्येक वस्तीत मुलांची बाग, तिला 'श्पीलप्लाट्स' म्हणतात. त्यात भरपूर वाळू, आणि बऱ्याच ठिकाणी हातपंप. मुलं पंप मारून पाणी काढतात, वाळूत पाट खणतात, बांध घालतात. चिऊ पहिल्या दिवशी कपडे मळतील म्हणून काठावर उभी राहिली. मीच तिला तसं शिकवलं होतं, याचं मला तिथे वाईट वाटलं. शेजारच्या मुलाने तिच्या हातात फावडं दिलं आणि मग दोन तास ती मागे वळून बघेना. भाषा एकमेकांची येत नव्हती, पण पाणी कुठून फुटतंय ते दोघांना दिसत होतं. त्यानंतर आमच्या पिशवीत कायम एक जोडी कपडे, छोटा टॉवेल, फावडं आणि चपला. बाकी सगळं कमी केलं.

दुसऱ्या आठवड्यात गाड्या. तिथे भुयारी रेल्वेची खूण निळ्या चौकोनात पांढरं अक्षर आणि लोकलची हिरव्या गोलात. चिऊचं ते आवडतं काम झालं, "आई, निळा चौकोन दिसला!" सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, बाबागाडीलाही नाही. आपल्या तिकिटाचं मात्र नीट बघा. कागदी तिकीट घेतलं असेल तर बहुतेक वेळा गाडीत बसायच्या आधी खांबावरच्या मशिनमध्ये घालून शिक्का मारून घ्यावा लागतो. शिक्का नाही म्हणजे तिकीटच नाही, आणि दंड ६० युरो. फाटक कुठेच नसल्यामुळे नवा माणूस हे विसरतो. बसमध्ये बाबागाडीसाठी मधलं दार असतं, आत मोकळी जागा असते, तिथे गाडी उभी करून ब्रेक लावायचा. चार वर्षांचं मूल चालतं, तरी बाबागाडी न्या. संध्याकाळी पाचनंतर ते चालत नाही.

आता जे सांगायचं म्हणून हा धागा इतके दिवस लांबला ते सांगते.

मारीनप्लाट्स हा शहराचा मधला चौक. तिथल्या नव्या टाउन हॉलच्या मनोऱ्यावर घंटांचं मोठं घड्याळ आहे. ४३ घंटा, आणि ३२ माणसाएवढ्या बाहुल्या. सकाळी ११ आणि दुपारी १२ वाजता त्या फिरतात, उन्हाळ्यात संध्याकाळी पाचलाही. वरच्या मजल्यावर १५६८ सालचं राजघराण्यातलं लग्न आणि घोड्यांवरची झुंज, खाली पिंप बनवणाऱ्या कारागिरांचा नाच. शेवटी सोनेरी कोंबडा आरवतो. चिऊला कोंबड्यासाठीच जायचं होतं. अकराच्या आधी चौक माणसांनी गच्च भरला. ऊन होतं, तिने पाणी मागितलं, मी पिशवीतून बाटली काढायला तिचा हात सोडला. बाटली काढून खाली बघते तर ती नाही.

किती वेळ गेला ते मला आजही सांगता येत नाही. फोनवर नंतर बघितलं तर चार मिनिटांच्या आत सगळं झालं होतं. सगळ्यांचे चेहरे वर, घंटा वाजतायत, आणि मी मराठीत ओरडते आहे. मग एकदम आठवलं. आदल्या आठवड्यात आम्ही त्याच चौकात आलो होतो तेव्हा तिथल्या माशाच्या कारंज्याशी बसून मी तिला म्हटलं होतं, "आई दिसेनाशी झाली तर इथे येऊन माशाला हात लावून उभं राहायचं." खेळ म्हणून तीनदा करूनही घेतलं होतं. मी धावत तिकडे गेले. ती कारंज्याच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी होती. मासा उंच, तिचा हात पोचला नाही, म्हणून कठडा धरला असं तिने मला नंतर समजावून सांगितलं. शेजारी एक वयस्कर बाई तिच्यावर सावली धरून उभ्या होत्या. तिच्या मनगटाच्या पट्टीवर माझा नंबर होता, तो बघून त्या फोन लावतच होत्या.

त्या दिवसापासून प्रत्येक नव्या ठिकाणी पोचल्या पोचल्या आमचं पहिलं काम 'मासा' ठरवणं. प्राणिसंग्रहालयात गेलो तर 'इथला मासा' म्हणजे दारातला फलक. गाडीत चढताना दार मध्येच बंद झालं तर काय, हेही ठरवलं. मी आत आणि ती फलाटावर राहिली तर तिने तिथेच थांबायचं, मी परत येणार. ती आत आणि मी बाहेर राहिले तर पुढच्या स्टेशनला उतरून फलाटावर थांबायचं. याची वेळ कधी आली नाही. पण तोंडपाठ होतं.

पुढचं उद्या लिहिते, चिऊ उठली.

पर्वतीचा_पायथा

शेवंतीताई, वाचताना घशात आवंढा आला. माशाची युक्ती आजच घरात सांगितली. गणपतीच्या गर्दीत लक्ष्मी रस्त्यावर आम्ही मुलाला घेऊन जातो आणि आजवर असं काही ठरवलं नव्हतं.

खाण्याचं काय केलंत? आम्ही शाकाहारी, मुलगा वरण-भाताशिवाय जेवत नाही.

शेवंती

वरण-भात तिथे सहज होतो. मसूर आणि मुगाची डाळ तुर्की किंवा आशियाई दुकानात मिळते. खिरीसाठी म्हणून जो आखूड, जाड तांदूळ विकतात त्याचा मऊ भात छान होतो, चिऊला तोच आवडायचा. साधं दही 'नाटुर-योगुर्ट' या नावाने मिळतं. शाकाहारी असाल तर मुलांच्या जेलीच्या गोळ्यांवर 'गेलाटीने' शब्द आहे का बघा, तो प्राणिज असतो.

आणि आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. बव्हेरियातल्या बिअर गार्डनमध्ये घरचा डबा नेता येतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. याच्यामागे जुनी हकिगत आहे. बिअर थंड राहावी म्हणून बिअर बनवणाऱ्यांनी नदीकाठी तळघरं खणली, वर सावलीसाठी चेस्टनटची झाडं लावली आणि तिथेच लोकांना बिअर विकायला लागले. शहरातल्या खानावळवाल्यांचा धंदा बसायला लागला. तेव्हा १८१२ साली राजा पहिला माक्सिमिलियान योसेफ याने तोडगा काढला: बिअर विका, पण पावाखेरीज खायला काही विकू नका. मग लोक घरून डबे आणायला लागले. पुढे तिथे जेवण विकायची मुभा मिळाली, पण डब्याची रीत राहिली. ज्या टेबलांवर कापड अंथरलेलं नसतं तिथे बसायचं, पेय तिथलं विकत घ्यायचं, खाणं आपलं. आम्ही नदीकाठच्या फ्लाउखरला थालीपीठ आणि लोणी घेऊन जायचो आणि सफरचंदाच्या रसात सोडा घातलेलं 'आप्फेलशोर्ले' घ्यायचो. तिथे मुलांना खेळायला जागा आहे. आसपासची कुटुंबं मुळा कापून, चीज-पाव काढून जेवत असायची. एका आजोबांनी थालीपीठ मागून खाल्लं आणि बोटांनी 'छान'ची खूण केली. परदेशात आपण उपरे आहोत ही जाणीव माझी तिथे सगळ्यात कमी झाली.

रोखठोक

धागा चांगला आहे, पण मनातलं विचारतो. चार वर्षांच्या मुलीला यातलं काय आठवणार? आमच्या ओळखीत लोक दोन-तीन वर्षांच्या मुलांना घेऊन युरोप करतात, मूल रडतं, आई-बाप दमतात, फोटो तेवढे राहतात. तोच पैसा मुलगी दहा वर्षांची झाल्यावर खर्च केला तर?

शेवंती

प्रश्न रास्त आहे. आमच्या बाबतीत नवरा जाणारच होता, त्यामुळे तीन महिने बापापासून लांब राहायचं की सोबत, एवढाच निर्णय होता. मुद्दाम सहल काढून आठ दिवसांत पाच शहरं करायची असतील तर मीही म्हणेन, थांबा.

माझीही एक चूक सांगते. तिथे नदीच्या बेटावर डॉइचेस म्युझियम आहे, विज्ञान आणि यंत्रांचं. १९०३ साली स्थापन झालं, बेटावरची इमारत १९२५ मध्ये उघडली. नवऱ्याला सुट्टी होती, आम्ही एका दिवसात सगळं बघायला निघालो. विमानं, जहाजं, पूल. दुपारी चिऊ एका इंजिनासमोर फरशीवर आडवी पडून रडली. तिचं काहीच चुकलं नव्हतं, आम्ही तिला सहा तास चालवलं होतं. नंतर मी आणि ती दोघीच परत गेलो, फक्त मुलांच्या विभागात. तिथे एक एवढी मोठी गिटार आहे की मुलं तिच्या पोटात शिरतात आणि तारांचा आवाज अंगाला जाणवतो. चिऊ गिटारच्या आत बसून राहिली. दीड तासात आम्ही बाहेर. असं तीनदा गेलो. माझं तिकीट दर वेळी काढावं लागलं, तो पैसा मला वाया गेला असं वाटत नाही.

आठवण म्हणाल तर आज वर्षाने ती म्युझियमचं नाव विसरली आहे. पण अलका टॉकीजच्या चौकात माझा हात ओढून "हिरवा माणूस येऊ दे" म्हणते. तिथे मुलांच्या देखत लाल दिव्यात रस्ता ओलांडला तर अनोळखी माणसंसुद्धा टोकतात, ते तिच्यात मुरलं आहे.

कोथरूडचे_आजोबा

रोखठोक, मी सत्तरी ओलांडली आहे, त्यामुळे दोन शब्द सांगतो. मुलगी लंडनला असते. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं गेलो तेव्हा नातू पाच वर्षांचा. लेक-जावई कामावर गेले की नातू आणि मी, दोघंच.

आमचा रोजचा कार्यक्रम म्हणजे बस. तिथे अकरा वर्षांखालच्या मुलांना बसला भाडं नाही, भुयारी रेल्वेतही मोठ्या माणसाबरोबर असतील तर नाही. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची जागा मिळाली की नातू ड्रायव्हर आणि मी कंडक्टर. डेक्कनला लहानपणी मी जे केलं तेच. माझे गुडघे दुखतात, त्यामुळे चालणं कमी आणि बघणं जास्त, हे आम्हा दोघांनाही मानवलं. एका टोकाला बसायचं, दुसऱ्या टोकाला उतरून बाकावर सफरचंद खायचं, परत यायचं.

निसर्ग इतिहासाचं म्युझियम फुकट आहे, त्यामुळे एका दमात सगळं बघायचं दडपण नाही. मधल्या दालनात निळ्या देवमाशाचा २५ मीटर लांबीचा सांगाडा छताला टांगला आहे. २०१७ सालापासून तो तिथे आहे, नाव 'होप'. नातवाने त्याची लांबी मोजायला दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलं टाकली, मी आकडे मोजले. बाकी काही न बघता आम्ही घरी आलो. लेकीने विचारलं, एवढंच? नातू म्हणाला, "आजोबा, उद्या परत मोजू."

माझ्या आयुष्यातले ते सहा आठवडे फार मोलाचे आहेत. त्याला आठवतील की नाही याचा हिशोब मी केला नाही.

सही_शिक्का

कागदपत्रांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, कारण ऐन वेळी धावपळ इथेच होते.

मुलाचा पासपोर्ट स्वतंत्र लागतो आणि तो पाच वर्षांचाच मिळतो. त्यासाठी आई-वडील दोघांच्या सहीचं परिशिष्ट 'डी' लागतं. पुण्यात मुंढव्याच्या केंद्रात मुलालाही घेऊन जायचं. जन्मदाखल्यावर मुलाचं नाव घातलेलं आहे ना, हे आजच बघा. बऱ्याच दाखल्यांवर नावाची जागा रिकामी असते आणि महापालिकेत नाव घालून घ्यायला वेळ जातो.

शेंगेन व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वयाला ४५, सहाखाली काही नाही. बारा वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा. मुक्काम १८० दिवसांत ९०, आणि त्यात पोचण्याचा आणि निघण्याचा दिवसही धरतात.

एकटी आई किंवा एकटे वडील मुलाला नेत असतील तर दुसऱ्याचं संमतीपत्र नोटरी करून न्या. व्हिसासाठी दिलं तरी एक प्रत हातातल्या पिशवीत ठेवा. आईचं आडनाव माहेरचं आणि मुलाचं वडिलांचं असेल तर जन्मदाखल्याचीही प्रत जवळ असू द्या.

शेवंती

सही_शिक्का, मनापासून आभार. आडनावाचं माझ्याच बाबतीत झालं. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने शांतपणे विचारलं, दाखला दाखवला, अर्ध्या मिनिटात संपलं. दाखला सामानाच्या बॅगेत असता तर?

इझारकाठ

मी मूळची सहकारनगरची, आता म्युनिकला नववं वर्ष. शेवंती, तुम्ही वस्तीतल्या बागेपासून सुरुवात केलीत ते अगदी बरोबर केलंत. थोडी भर घालते.

रविवारी दुकानं बंद असतात आणि बव्हेरियात एरवीही रात्री आठला बंद होतात. दूध, भाजी, डायपर शनिवारी आणून ठेवा. मोठ्या स्टेशनातली काही दुकानं उघडी असतात, काही बेकऱ्या रविवारी सकाळी थोडा वेळ. रविवारी शांतता पाळायची रीत आहे. नव्या आया यामुळे मुलं घरात पळाली तरी घाबरून गप्प करतात. तशी भीती बाळगू नका. पाळणाघर, बाग इथून येणारा मुलांचा आवाज हा उपद्रव धरायचा नाही, असा बदल जर्मनीने २०११ मध्ये कायद्यातच केला आहे. शेजाऱ्यांशी पहिल्याच दिवशी जाऊन बोललं की बरेच प्रश्न मिटतात.

टॅक्सीने किंवा कुणाच्या गाडीने जाणार असाल तर मुलाला वेगळी सीट लागते. बारा वर्षं किंवा दीड मीटर उंची होईपर्यंत नियम आहे. मांडीवर घेऊन बसणं चालत नाही. विमानतळावरून म्हणूनच लोकल बरी, मध्यवर्ती स्टेशनला साधारण पाऊण तास. पण परत जाताना एस-वन पकडलीत तर लक्ष ठेवा. ही गाडी नॉयफार्नला दोन भागांत तुटते, एक भाग विमानतळाला आणि दुसरा फ्रायझिंगला. डब्यावरची पाटी वाचूनच बसा. एस-एट सरळ जाते.

फुटपाथला लागूनच सायकलची पट्टी असते. सायकली वेगाने येतात आणि आपल्या मुलांना ती पट्टी कळत नाही. मुलाला कायम भिंतीच्या बाजूला चालवा.

शेवंती

सायकलच्या पट्टीबद्दल शंभर टक्के. पहिल्या दोन दिवसांत दोनदा घंटा खाल्ली.

रविवारबद्दल सांगते. सुरुवातीला मला बंद शहर बघून उदास वाटायचं. मग रविवार म्हणजे नदी असं ठरलं. आणि नदीबद्दल मला जरा सविस्तर लिहू द्या.

इझार आल्प्समधून येते, पाणी जुलैतही गार असतं. शहराच्या मधून वाहते, आणि लोक चक्क तिच्यात उतरतात. आजीपासून रांगत्या मुलापर्यंत सगळे गोट्यांवर चादर टाकून दिवसभर बसतात. पहिल्यांदा चिऊने काठाला येऊन माझा फ्रॉक ओढला आणि विचारलं, "हिच्यात पाय घालायचा? खरंच?" तिला नदी म्हणजे पुलावरून बघायची गोष्ट. लकडी पुलावरून जाताना आपण नाक दाबतो, तेवढीच तिची नदीशी ओळख. मला उत्तर द्यायला वेळ लागला.

नंतर वाचलं तेव्हा कळलं, की इझारही अशीच नव्हती. पुराच्या भीतीने तिला दोन्हीकडून बांधून सरळ कालव्यासारखं केलं होतं. २००० ते २०११ या काळात शहरातल्या आठ किलोमीटरमध्ये ते बांध काढले, पात्र रुंद केलं, गोट्यांचे काठ आणि छोटी बेटं परत होऊ दिली. पुराचं पाणी मावायलाही त्याचा उपयोग झाला. वरच्या गावांच्या सांडपाणी केंद्रांत उन्हाळ्यात अतिनील किरणांनी पाणी निर्जंतुक करून मग नदीत सोडतात, म्हणून पोहता येतं. आपल्या मुठेबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही, तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे आणि माझ्या मनाला फार लागलेला आहे. पण चिऊने गोट्यांचा बांध घातला, पाणी अडलं, मग तिनेच एक गोटा काढून वाट करून दिली, तेव्हा माझे डोळे भरून आले. माझ्या आजीने मला मुठेकाठी कपडे धुतल्याच्या गोष्टी सांगितल्या आहेत. मी चिऊला काय सांगणार होते?

पोहण्याबद्दल सावधगिरी: प्रवाह काही ठिकाणी जोराचा आहे. लहान मुलांना उथळ, शांत फाट्यांतच न्या आणि हात पोचेल इतक्या अंतरावर राहा. पाऊस झाल्यावर दोन दिवस जाऊ नका.

दमट_हवा

सिंगापूरहून. मूळ औंध. आमच्याकडे मूल घेऊन फिरायला अडचण फक्त हवेची, दुपारी बाहेर पडूच नये. सकाळी नऊच्या आत बाग, दुपारी वाचनालय, संध्याकाळी पुन्हा बाहेर. बोटॅनिक गार्डनमध्ये मुलांसाठी वेगळी जेकब बालास बाग आहे, तिथे उलटा नियम आहे, मूल सोबत नसेल तर मोठ्यांना आत सोडत नाहीत. माझा मुलगा दारात मोठ्या ऐटीत म्हणायचा, "बाबा माझ्यासोबत आहेत." सोमवारी बंद असते.

रातराणी

मूल आजारी पडलं तर? मला हीच भीती आहे. भाषा येत नाही, नवरा कामावर.

शेवंती

आलं होतं तेही. जुलैत रात्री चिऊला १०२ ताप. पुण्याहून आमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं तापाचं औषध, जलसंजीवनीची पाकिटं आणि चिठ्ठी नेली होती, त्यामुळे पहिली रात्र निघाली. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव आणि मुलाच्या वजनाप्रमाणे मात्रा लिहून घ्या. कंपनीचं नाव तिथे कुणाला कळत नाही.

जर्मनीत जिवावरचं असेल तर ११२. तितकं गंभीर नाही पण दवाखाने बंद आहेत, तेव्हा ११६११७. प्रसाधनाच्या मोठ्या दुकानांत बाळाचं सगळं मिळतं पण तापाचं औषध मिळत नाही, त्यासाठी 'आपोटेके'च. रात्री आणि रविवारी आळीपाळीने एखादं उघडं असतं, बंद दुकानाच्या दारावर त्याचा पत्ता लावलेला असतो. सकाळी मी तिला घेऊन आपोटेकेत गेले. काउंटरवरच्या बाईंनी जवळच्या बालरोगतज्ज्ञांना फोन करून वेळ घेऊन दिली. पैसे आपण भरायचे, बिल जपून ठेवायचं, विमा नंतर देतो. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

त्या तीन दिवसांत कुत्र्याच्या आजींना आम्ही दिसलो नाही. चौथ्या दिवशी बेकरीपाशी भेटल्या तेव्हा त्यांनी चिऊच्या कपाळाला हात लावून बघितला.

पर्वतीचा_पायथा

आम्ही दिवाळी झाल्यावर निघतोय, म्युनिकच, सहा आठवडे. मुलगा साडेतीन. तुम्ही उन्हाळ्यात होतात. नोव्हेंबरात बाहेर पडता येतं का, की घरातच बसायचं?

इझारकाठ

या बिनधास्त. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, मग पुण्याशी साडेचार तासांचा फरक. नोव्हेंबरात साडेचार-पावणेपाचला अंधार पडतो, त्यामुळे बाहेरचं सगळं दुपारी तीनच्या आत उरका. इथली मुलं पावसात आणि थंडीतही बागेत असतात, अंगात पाणी न शिरणारी विजार आणि गमबूट. दोन्ही इथेच येऊन घ्या, जुन्या मुलांच्या कपड्यांच्या बाजारात स्वस्त मिळतात. हातमोजे दोन जोड, एक हरवतोच.

आणि ११ नोव्हेंबर चुकवू नका. संत मार्टिनचा दिवस. संध्याकाळी अंधार पडला की मुलं हातात काठीला लावलेले कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत वस्तीतून फिरतात. बऱ्याच ठिकाणी पुढे घोड्यावर लाल झग्यातला मार्टिन असतो. बालवाड्या आणि चर्च काढतात, वस्तीतल्या फेरीत कुणीही सामील होऊ शकतं. माझी मुलं दर वर्षी जातात.

शेवंती

पर्वतीचा_पायथा, दिवाळी झाल्यावर निघताय ना? मग तुळशीबागेतून घडीचा छोटा आकाशकंदील घ्या, बॅगेत कपड्यांच्या मध्ये सपाट बसतो. आत मेणबत्ती नको, सेलवरचा दिवा लावा. काठी तिथे मिळेल. आणि तो उचलून फेरीत निघायच्या आधी मुलाला सांगून ठेवा, इथला मासा कोणता ते.